आसरांची जागा

पितृपंधरवड्यात सलग चार दिवस पाऊस पडला आणि पाचव्या दिवशी सकाळी जांभळओढ्यावरचा आमचा पूल गेला. पूल म्हणजे फार काही नव्हतं. चार सिमेंटचे नळे, त्यावर मुरमाचा भराव, वर डांबर. बहात्तरच्या दुष्काळात तो बांधला तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो आणि त्याच कामावर खडी फोडत होतो. पुढे बांधकाम खात्यात मैलकुली म्हणून लागलो. शिरूर कासारहून आमच्या बोरतळवाडीला येणाऱ्या रस्त्याचा नऊ ते सतरा किलोमीटरचा तुकडा माझ्याकडे होता. एकतीस वर्षं त्या तुकड्यावरचे खड्डे बुजवले, साइडपट्टीचं गवत काढलं, मैलाचे दगड रंगवले. सेवानिवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी पूल गेल्यावर गावातली माणसं ओढ्याकडं जायच्या आधी माझ्या दारात आली. घरचं माणूस गेल्यासारखी तोंडं करून उभी राहिली.

मी जाऊन बघितलं. तेराव्या आणि चौदाव्या दगडाच्या मधे रस्ता एकदम संपत होता. डांबराची कड ओठासारखी पुढं आली होती आणि खाली तांबडं पाणी पळत होतं. एक नळा दूर तुरीच्या रानात जाऊन पडला होता.

पलीकडच्या काठावर जांभळाच्या झाडाखाली आमच्या साती आसरा आहेत. आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. शेंदूर लावलेले सात दगड, एका ओळीत. पुराचं पाणी बरोबर त्यांच्या पायाला लागून उतरलं होतं. काडीकचऱ्याची रेघ तिथं स्पष्ट दिसत होती.

"बघा," लोक एकमेकांना सांगत होते, "पायाला लागलं आन् फिरलं. जुनी माणसं सांगत व्हती तसंच."

मला बोलायला तोंड नव्हतं, पण ते नंतर सांगतो.

पूल गेला तसं एसटी बंद झाली. सकाळी नऊला शिरूरला जाणारी एकच गाडी होती आणि तिच्यातून गावातल्या चार पोरी कॉलेजला जायच्या. त्यातली एक माझी नात तेजश्री. बारावीला आहे, सायन्सला. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा बिभीषण, आणि सून दोघं दरसाल ऊसतोडीला जातात. भाऊबीज झाली की टोळीचा ट्रक येतो, तो गुढीपाडव्याच्या आगेमागे परत आणून सोडतो. आमच्याकडं अर्ध्याहून जास्त गाव असं सहा महिने रिकामं असतं.

बिभीषण वाईट नाही. पण त्यानं पूल गेला त्याच दिवशी जेवताना सांगून टाकलं.

"गाडी न्हाई, तर कालेज न्हाई. मग पोरीला हितं ठिवून काय करायचं? तिला संगं नेतो."

"आन् परीक्षा?" तेजश्री म्हणाली.

"परीक्षेला आणून सोडीन."

"प्रॅक्टिकल कोण करील? फडात?"

बिभीषण मान खाली घालून भाकरी मोडत राहिला. त्याचा मोठा भाऊ, माझा थोरला, असाच एका वर्षासाठी म्हणून फडात गेला होता आणि त्यानं परत दप्तर धरलं नाही. ते त्यालाही माहीत होतं आणि मलाही. शेवटी तो म्हणाला, "भाऊबिजेच्या आत एसटी चालू झाली, तर ऱ्हा. न्हाई झाली, तर चल. एवढंच."

तेजश्रीनं बोटं मोजली. एकतीस दिवस होते.

*

आठवड्यानं खात्याची जीप आली. तिच्यातून एक मुलगी उतरली. डोक्यावर पिवळं टोपडं, पायात चिखलानं भरलेले बूट. मी विचारलं, "साहेब कुठायत?" ती म्हणाली, "मीच आहे. सायली. शाखा अभियंता." मला लाजल्यासारखं झालं. माझ्या एकतीस वर्षांत या रस्त्यावर बाई साहेब आली नव्हती.

"कुठल्या तुमी?"

"सिरसाळ्याची. बाबा बाजार समितीत हमाल होते. तुम्ही आप्पा ना? ऑफिसात सांगितलं, त्या रस्त्याचं काही विचारायचं असलं तर कागद बघू नका, आप्पाला विचारा."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण मी जांभळाकडं बघायचं टाळलं.

सायली मॅडमनं दुर्बीण तिपाईवर लावली. दुसऱ्या माणसाला रंगीत पट्टी घेऊन इकडं तिकडं उभं केलं आणि वहीत आकडे लिहिले. मग जमलेल्या लोकांना विचारलं, "इथं पाणी जास्तीत जास्त कुठपर्यंत आलेलं आहे? यंदाचं नाही, आजवरचं. जुन्या माणसांनी काय सांगितलंय?"

पूल किती उंच करायचा, ते या उत्तरावर ठरतं. खात्यात सगळीकडं असंच विचारतात. पावसाचे आकडे असतात, पण एकेका ओढ्याचा स्वभाव गावच सांगतं.

सगळ्यांनी एकदम हात केला. "आसरांच्या पायापस्तोर. त्याच्या वर कधीच न्हाई."

"नक्की?"

विमलबाई पुढं झाली. पंचाहत्तरीची बाई. तिचं शेत ओढ्याला लागूनच आहे आणि दर शुक्रवारी आसरांपुढं दिवा तीच लावते. "मॅडम, आमच्या आज्यासासूच्या वक्ताला मोठा पूर आलता. गावातली जनावरं वाहून गेलती. त्या पाण्यानं बी आसरांच्या पायाला हात लावला आन् माघारी गेलं. म्हून तर तिथं त्यांची जागा. त्यांच्या वर पाणी चढत न्हाई."

मॅडमनं लिहून घेतलं आणि कामाचा बेत सांगितला. नवे नळे, वर काँक्रीट, दोन्ही बाजूला दगडी भिंत. तीन आठवड्यांत रस्ता चालू. तेजश्री तिथंच उभी होती. तिनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या. मी हसलो. हसताना माझे दात एकमेकांवर दाबले गेले होते.

कारण विमलबाईचं म्हणणं अगदी खरं होतं. पण आसरा त्या जागेवर नव्हत्या.

*

चौऱ्याण्णव साली रस्ता रुंद केला. आसरा तेव्हा काठावर वरच्या अंगाला होत्या, खडकाच्या एका कट्ट्यावर, सात खोबणींत बसवलेल्या. नेमकी तिथूनच नवी साइडपट्टी जात होती. खात्यानं मला सांगितलं होतं, गावाला विचार, विधी करून देवी हलवू दे. पण महिना पौषाचा. गाव सगळं फडात, विमलबाईसुद्धा. मागं राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांना विचारलं तर म्हणाली, टोळ्या येऊ दे, मग बसून ठरवू. टोळ्या यायला तीन महिने होते. तिकडं रोलर उभा, डांबराची पिंपं उभी, आणि मुकादम रोज माझ्या डोक्यावर.

रोलरवर दस्तगीर होता. शिरूरचा. त्यानं विचारलं, "आप्पा बे, कितने दिन बैठना यहाँ?"

एका दुपारी आम्ही दोघांनीच काम उरकलं. मी नारळ फोडला, हात जोडले, पहारीनं सातही दगड खोबणीतून मोकळे केले. दस्तगीरनं चपला काढून ठेवल्या आणि एकेक दगड पोटाशी धरून खाली जांभळाच्या झाडाखाली नेला. तिथं सावली होती, बायांना बसायला जागा होती. मला खरंच वाटलं, देवीलाही बरं वाटेल.

पाडव्याला गाव परत आलं. रस्ता नवा, काठ नवा, सगळंच वेगळं दिसत होतं. कुणीतरी म्हणालं, "आप्पा, आसरा खाली दिसतात रं?" मी म्हणालो, "रस्ता उंच झालाय, म्हून तसं दिसतं." एवढंच बोललो. दुसऱ्यांदा कुणी विचारलं नाही. एकतीस वर्षांच्या नोकरीत मी गावाला सांगितलेली ती एकच थाप. आणि ती थाप आता सायली मॅडमच्या वहीत जाऊन बसली होती.

*

चार दिवसांनी जेसीबी आला. चालवायला दस्तगीरचा मुलगा कामरान होता आणि त्याच्या शेजारी, दाढी पांढरीफेक झालेला, दस्तगीर स्वतः.

"क्या बे आप्पा, जित्ता हाय का?"

"तू कावून आला? तुझं काय काम?"

"घरात बसून सुनेच्या शिव्या खाण्यापरीस हितं तुझ्या खातो." तो खाली उतरला, कंबर धरून सरळ झाला आणि त्याची नजर जांभळाखाली गेली. मग माझ्याकडं आली. त्याच्या तोंडावरचं हसू उतरलं.

"तू सांगितलं न्हाईस," तो हळू म्हणाला.

"न्हाई."

"आता सांगून काय फायदा? आपण दोघं गेलो की बात खतम."

"आन् पाणी आलं मंजी?"

"ऐंशी-नव्वद वर्षांत एकदा आलतं. आपल्या जिंदगीत न्हाई आलं."

मी त्याला तेजश्रीचं सांगितलं. भाऊबीज, ट्रक, सगळं. दस्तगीरनं दाढी खाजवली. म्हणाला, "मग तर मुळीच सांगू नको. पोरगी शिकू दे. पूल कितीबी उंच असला तरी त्याच्यावरून जाणारं माणूस पायजे का न्हाई?"

मला त्याचं पटलं. खोटं का बोलू, तीन दिवस मला त्याचंच पटत होतं. नवे नळे आले. तेजश्री संध्याकाळी पुस्तक घेऊन त्या नळ्यांवर जाऊन बसायची आणि मला ओरडून सांगायची, "आप्पा, वीस ऱ्हायले! आप्पा, एकोणीस!"

चौथ्या दिवशी सायली मॅडमनं मला हाक मारली. हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश.

"आप्पा, पुराची खूण कायमची करून ठेवायची आहे. या काळ्या खडकावर आडवी रेघ, आणि वर लिहा, पुराची सर्वोच्च पातळी. मैलाचे दगड तुम्हीच रंगवायचात ना? अक्षर चांगलंय म्हणतात."

अक्षर चांगलं आहे खरं. पंचेचाळिशीत शिकलो म्हणून सांभाळून काढतो. आधी आकडे शिकलो, दगडांवरचे, मग गावांची नावं. आपण लिहिलेलं वाचून गाडीवाला गाडी वळवतो, मुक्कामाचा हिशेब करतो, हे कळल्यापासून मी दगड रंगवताना दोनदा मोजायचो. चौदाच्या जागी कधी पंधरा लिहिलं नाही.

ब्रश रंगात बुडवला. खडकापाशी उकिडवा बसलो. मॅडमनं खडूनं रेघ मारून दिली होती, आसरांच्या पायाशी अगदी समांतर. मला फक्त तिच्यावरून हात फिरवायचा होता. रंग ब्रशवरून माझ्या मनगटावर ओघळला, कोपरापर्यंत गेला, तरी हात पुढं जाईना.

शुक्रवार होता. विमलबाई दिव्यात तेल घालत होती. तेजश्री नळ्यावर बसली होती. दस्तगीर माझ्याकडं बघत होता आणि अगदी बारीक मान हलवत होता. नको, नको.

मी ब्रश डब्यात ठेवला.

"मॅडम, ही खूण खोटी हाय."

"म्हणजे?"

"आसरा हितं नव्हत्या. वर व्हत्या. मी आणल्या खाली. चौऱ्याण्णव साली."

कामराननं जेसीबीचं इंजिन बंद केलं. विमलबाईच्या हातातली तेलाची बाटली तशीच वाकडी राहिली आणि तेल दिव्याबाहेर सांडत राहिलं.

"तीस वर्षं," ती म्हणाली, "तीस वर्षं मी खोट्या जागेवर दिवा लावला व्हय रं, आप्पा?"

तिनं बाटलीला बूच लावलं, पदर डोक्यावर ओढला आणि शेतातून घराकडं निघून गेली. मागं वळून बघितलंही नाही.

*

वरच्या अंगाला घाणेरी माजली होती. ती कोयत्यानं तोडली, माती ओढली, तसा खडकाचा कट्टा दिसायला लागला. दोन खोबणी साइडपट्टीच्या भरावाखाली गेल्या होत्या. पाच उघड्या होत्या, आत शेंदराचा काळा पडलेला थर. सायली मॅडमनं त्यांच्या मागच्या फटीत बोट घातलं आणि बाहेर काढून मला दाखवलं. बोटावर वाळू होती. ओढ्याची, धुतलेली, बारीक गोल वाळू.

"पाणी इथवर आलेलं आहे, आप्पा," ती म्हणाली. "नुसती सांगोवांगी नाही."

तिनं दुर्बिणीतून बघितलं. पट्टी वाचली. पुन्हा बघितलं. "एक मीटर वीस. एवढं वर."

"मग?"

"मग नळ्यांचा पूल चालणार नाही. स्लॅबचा करावा लागेल, दोन्हीकडचा भराव वाढवावा लागेल. नवीन अंदाजपत्रक, नवीन मंजुरी. मे महिना उजाडेल." ती माझ्यावर रागावली नव्हती. रागावली असती तर सोपं गेलं असतं. "पण बरं झालं सांगितलंत. मी खाली बांधला असता आणि त्याच्यावर माझं नाव लागलं असतं."

मी वळून बघितलं तेव्हा तेजश्री नळ्यावर नव्हती.

घरी बिभीषण ओट्यावर बसला होता. त्याला कळलं होतं. गावात कुणाला कळायचं राहिलं नव्हतं.

"तीस साल गप बसलात. आजून एक महिना बसला असता तर काय बिघडलं असतं?"

"पूल बिघडला असता."

"आन् आता पोरगी बिघडली." तो उठला. "म्या काय तिचा दुस्मान हाय? मला बी वाटलं व्हतं, चालू व्हईल गाडी."

तेजश्री चुलीपुढं बसून जाळ सारत होती. मी तिच्याजवळ बसलो. ती म्हणाली, "आप्पा, तुमी बराबर केलं." एवढं म्हणून तिनं तोंड फिरवलं. तिनं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर चाललं असतं.

*

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी ओढ्याकडं गेलो. काही ठरवून नाही. एकतीस वर्षं सकाळी उठून रस्त्याकडंच जायचो, पाय तिकडंच वळतात. पुलाच्या जागेपासून वरच्या बाजूला चालत राहिलो. दोनशे पावलांवर ओढा पसरट होतो आणि खाली अखंड खडक लागतो. पावसाळा संपत आला होता, पाणी घोट्याएवढं. फक्त मधे एक चर होता, तिथं गुडघाभर. मी पाण्यात उतरलो आणि पायाला दोन खाचा लागल्या. लांबच लांब, एकमेकींना समांतर.

गाडीच्या चाकोऱ्या. रस्ता झाला त्याच्या आधी आमची बैलगाडी इथूनच जायची. मी गाडीत मागं पाय सोडून बसायचो आणि चाक खडकावर चढलं की कडाकडा आवाज व्हायचा. बहात्तरनंतर ती वाट कुणी वापरली नाही, म्हणून सगळेच विसरले होते. मीसुद्धा.

सायली मॅडम आल्या आल्या तिला तिथं घेऊन गेलो. तिनं बूट न काढताच पाण्यात पाय घातला, टाचेनं खडक ठोकला, चराची रुंदी मोजली.

"तीन नळे आलेलेच आहेत," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "ते या चरात टाकले, वर काँक्रीट, दोन्ही काठांना उतार काढला... पावसाळ्यात नाही चालणार, पण पुढचे आठ महिने बस जाईल. तोवर तिकडं पूल."

"किती दिवस?"

"साहेबांनी हो म्हटलं तर पंधरा."

साहेब दुसऱ्या दिवशी येऊन बघून गेले. हो म्हणाले. मला म्हणाले, "आसरांच्या जागेचं जे सांगितलंत ते लेखी द्या. फायलीला लावायला लागेल." मी तिथंच जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं. चार ओळी. खाली सही केली. त्यांनी वाचून घडी घातली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

पण एक अडचण राहिली होती. गाडीवाटेचा पलीकडचा उतार विमलबाईच्या रानातून निघत होता. उभ्या तुरीतून. आणि विमलबाई माझ्याशी बोलत नव्हती.

सायली मॅडम एकटीच तिच्याकडं गेली. मी बांधाबाहेर उभा राहिलो. दस्तगीरही येऊन उभा राहिला. आतून विमलबाईचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. मला ऐकू यावा म्हणूनच ती बोलत होती.

"तूर जाऊ दे. चार ओळीनं म्या मरत न्हाई. पण आधी माझ्या आसरा वर जागेवर बसवा, मग मिशिन घाला. आन् गड्यांनी हात लावायचा न्हाई. ज्यानं खाली आणल्या त्यानंच वर न्यायच्या. सातही."

"आप्पांचं वय झालंय हो," मॅडम म्हणाली.

"दगडाचं बी झालंय. आन् त्या रोलरवाल्याला बी बोलवा. एकट्यानं सात दगड हललेत व्हय? पाडव्याला आलो तवा बी दुपारी झाडाखाली जोडीनं भाकरी खायची दोघं, मला काय दिसत नव्हतं का?"

दस्तगीरनं कपाळावर हात मारला. "या अल्ला. इनको सब मालूम."

शुक्रवारची वाट बघितली नाही. त्याच दुपारी आम्ही दोघं म्हातारे कामाला लागलो. दस्तगीरनं चपला काढल्या. एकेक दगड पायलीच्या मापाएवढा, पण तीस वर्षांत त्याचं वजन फार वाढलं होतं. दर चार पावलांवर थांबायचो. बाया कडेला उभ्या होत्या, आणि सुरुवातीला गंभीर तोंडानं बघणाऱ्या त्या, तिसऱ्या दगडापासून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"दस्तगीरभाई, जरा दमानं, देवी हाय, डांबराचं पिंप न्हाई!"

"आप्पा, आणतानी बी असंच कण्हत व्हता का?"

पाच जणी जुन्या खोबणीत बसल्या. दोघींसाठी दस्तगीरनं छिन्नीनं शेजारीच नव्या खोबणी काढल्या. विमलबाईनं शेंदूर लावला, ओट्या भरल्या. सगळ्यांना प्रसाद देत माझ्यापर्यंत आली. माझ्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला.

"हितून वारं लागतंय," ती म्हणाली. "दिवा टिकायचा न्हाई. आडोसा करून दे."

एवढंच बोलली. दुसऱ्या दिवशी मी चार विटा घेऊन गेलो.

*

काम तेरा दिवसांत झालं. गावातल्या माणसांनी दगड वाहिले, कामराननं दिवाळीच्या दिवशीही मशीन बंद ठेवलं नाही, आणि त्या दिवशी आमच्या घरची करंजी त्याला केबिनमधे पोचती झाली. पण काँक्रीट पक्कं व्हायला त्याचे दिवस लागतात. त्याला घाई करून चालत नाही. भाऊबिजेच्या संध्याकाळपर्यंत डेपोला रस्ता चांगला असल्याचं पत्र गेलं होतं, पण गाडी आली नव्हती. घरात गाठोडी बांधून झाली होती. तेजश्रीचं गाठोडंही बांधलेलं होतं. ते तिच्या आईनं दाराच्या आत, पुस्तकांच्या फळीखाली ठेवलं होतं आणि कुणी त्याच्याकडं बघत नव्हतं.

सकाळी टोळीचा ट्रक आला. मी घरी नव्हतो. सायली मॅडमनं मला हिरवं आणि लाल निशाण देऊन नव्या फरशीवर, म्हणजे गाडीवाटेवरच्या त्या काँक्रीटवर, उभं केलं होतं, कारण तिच्यावरून एका वेळी एकच गाडी जाऊ शकत होती. साडेआठला गावाकडून ट्रक दिसला. वर माणसं, भांडी, शेळ्या, चाऱ्याच्या पेंढ्या. समोर बिभीषण उभा, आणि त्याच्या मागं, आईच्या शेजारी, तेजश्री.

मी लाल निशाण धरलं.

"आप्पा, आमाला सोडा की!" ट्रकमधून कुणीतरी ओरडलं. "फडात ऊस वाळंल!"

"थांबा."

"समोर तर काय बी न्हाई!"

समोर खरंच काही नव्हतं. शिरूरकडचा रस्ता मोकळा होता. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. सायली मॅडम फोन कानाला लावून उभी होती. ती माझ्याकडं आली आणि हळू म्हणाली, "आप्पा, डेपोतून निघालीय म्हणतात. पण ट्रकला कितीसा वेळ अडवाल?"

"माझा हात दुखंस्तवर."

दहा मिनिटं झाली असतील. मी निशाण दुसऱ्या हातात घेतलं होतं. ट्रकमधे लोक कुरकुरत होते. बिभीषण मात्र माझ्या डोक्यावरून रस्त्याकडं बघत होता.

तेराव्या दगडाच्या वळणावर लाल रंग दिसला.

एसटी आली. फरशीच्या पलीकडच्या टोकाला थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान काढून खाली पाणी बघितलं, मला विचारलं, "म्हातारबा, धरंल का?"

"खाली खडक हाय. माझ्या बापाची गाडी जायची."

मी हिरवं निशाण हलवलं. गाडी उतारावरून सावकाश आली, पाण्याला लागूनच्या काँक्रीटवरून चाकं गेली. खालून कसलाच आवाज आला नाही. ती वर चढून ट्रकच्या बाजूला उभी राहिली. तिला गावात जाऊन वळून यायचं होतं.

बिभीषण ट्रकमधून खाली उतरला. मागं गेला, हात वर केले आणि तेजश्रीला खाली उतरवलं, ती लहान असताना गाडीवरून उतरवायचा तसं. मग गाठोडं घेतलं.

"अभ्यास कर," तो म्हणाला. "आन् आप्पाला चुलीपुढं जास्त बसू देऊ नको, खोकला हाय." तो पटकन वळून ट्रकवर चढला. तिच्या आईनं वरूनच डोळ्याला पदर लावला आणि लगेच हसलीही.

मी ट्रकला हिरवं दाखवलं. तो ओढा ओलांडून शिरूरकडं गेला. तेजश्री एसटीच्या पायरीवर चढली, गाठोड्यासकट. खिडकीतून तिचं डोकं बाहेर आलं.

"आप्पा! पुस्तकं घरी हायत. गाडी गावातनं वळली की घेऊन जाते. आन् चुलीवर डाळ हाय, ती उतरवायची ऱ्हायलीय!"

"तू उतरव की, घरी चाललीस तर!"

"आरं हां," ती म्हणाली, आणि बसमधली माणसं हसली.

गाडी गावाकडं गेली. मी निशाणं बगलेत धरली आणि वरच्या कट्ट्याकडं निघालो. रंगाचा डबा मॅडमनं तिथंच ठेवला होता. आसरांच्या पायाशी मी दोरी धरून रेघ आखली, दोनदा तपासली आणि ब्रश बुडवला. अजून पहिलं अक्षर पूर्ण झालं नव्हतं तोच खाली फरशीवर एसटीचा हॉर्न वाजला. वळून परत आली होती. मी ब्रश तसाच हातात घेऊन उतारावरून धावत निघालो. हिरवं निशाण दाखवायला तिथं कुणी नव्हतं.